वीजदरावर हरकत नोंदवताना : जाहीर सूचनेपासून बिलापर्यंत

आमचा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटचा छोटा कारखाना आहे. उद्यमनगर, शिरोली आणि कागलकडचे कारखानदार त्यांचे गिअर, पिना आणि शाफ्ट आमच्याकडे कडक करून घेण्यासाठी पाठवतात. भट्ट्या यजमान सांभाळतात. हिशेब, बँक आणि सरकारी कागदपत्रे माझ्याकडे असतात. भट्ट्या विजेवर चालत असल्यामुळे महिन्याचे वीजबिल कामगारांच्या एकूण पगारापेक्षा मोठे येते. म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत महावितरणच्या दरप्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली, तेव्हा त्यावर रीतसर हरकत नोंदवायचे आम्ही ठरवले. ते काम ऑगस्टपर्यंत या ना त्या रूपाने चालू राहिले. हरकत कशी घेतात, वकील लागतो का, पैसे किती जातात आणि आपले म्हणणे कोणी ऐकते का, असे प्रश्न वसाहतीतल्या अनेकांनी नंतर विचारले. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा सगळे एकदा क्रमाने लिहून ठेवते.

दर ठरवतो कोण, हे आधी समजून घ्यावे लागले. आमच्याकडे विजेचा विषय निघाला की कोणी महापालिकेला बोल लावतो, कोणी पालकमंत्र्यांना निवेदन देऊ म्हणतो, तर कोणी ताराबाई पार्कातल्या महावितरणच्या कार्यालयावर मोर्चा नेण्याची भाषा करतो. प्रत्यक्षात यांपैकी कोणाच्याही हाती दर ठरवण्याचा अधिकार नाही. पूर्वी राज्य विद्युत मंडळ आणि सरकार मिळून दर ठरवत असत. १९९८ च्या केंद्रीय कायद्याने ते काम स्वतंत्र नियामक आयोगांकडे दिले आणि त्यानुसार १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. पुढे विद्युत अधिनियम २००३ आला, आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या झाल्या. या अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे दर आयोग ठरवतो. कलम ६४ प्रमाणे कंपनीला आधी अर्ज करावा लागतो, तो लोकांसमोर मांडावा लागतो, आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. सामान्य ग्राहकाला या प्रक्रियेत जागा मिळते ती या कलमामुळे.

शहराच्या हाती मग काय उरते, असे विचारणाऱ्यांना मी तीन उदाहरणे देते. पाण्याचे दर महापालिका स्वतःच ठरवते. मात्र कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यानंतर २०२५ मध्येही तिथे प्रशासक असल्यामुळे दराचा प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा तेव्हा एकच होता. गॅसवाहिनीच्या बाबतीत शहराचे क्षेत्र कंपनीला नेमून देण्याचा अधिकार दिल्लीच्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा. महापालिकेकडे येतो तो रस्ता खोदण्याच्या परवानगीचा आणि तो पूर्ववत करण्याच्या खर्चाचा विषय. केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या शहर बससेवेच्या, तिकिटाचे दरही प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय बदलत नाहीत. अमेरिकेत टेक्सासमध्ये असलेल्या माझ्या भाच्याला याचे फार नवल वाटले. त्याच्याकडे, ज्या शहरांनी आपला अधिकार राखून ठेवला आहे, तिथे खासगी वीज कंपनीच्या शहरहद्दीतल्या दरांवर पहिला निर्णय नगर कौन्सिलचा असतो, तो न पटल्यास कंपनी राज्याच्या आयोगाकडे अपील करते, आणि रस्त्यांवरून तारा नेऊ दिल्याबद्दल शहर कंपनीकडून फ्रँचायझी शुल्कही वसूल करते. आपल्याकडच्या कोणत्याही महापालिकेला विजेच्या बाबतीत असा अधिकार नाही.

फ्रँचायझी म्हटले की आपल्याकडे वेगळीच व्यवस्था डोळ्यांसमोर येते. भिवंडीत २००७ पासून खासगी कंपनी महावितरणच्या वतीने वीज वितरण करते. नागपूर, औरंगाबाद आणि जळगाव येथे २०११ मध्ये असेच प्रयोग सुरू झाले आणि पुढे बंद पडले. मुंब्रा-शीळ-कळवा आणि मालेगाव २०२० मध्ये या यादीत आले. 'आपल्याकडेही फ्रँचायझी येणार आणि ती मनाला येईल तो दर लावणार,' अशी कुजबुज चहाच्या टपरीवर अधूनमधून होत असते. परवाना महावितरणचाच राहतो आणि फ्रँचायझीच्या ग्राहकालाही आयोगाने महावितरणसाठी मंजूर केलेलाच दर लागतो, हे कागद वाचल्यावर स्पष्ट झाले. फ्रँचायझीचा स्वतंत्र दर नसतो. असतो तो महावितरण आणि फ्रँचायझी यांच्यातला वीज विकत घेण्याचा आपसातला भाव, ज्याच्याशी आपल्या बिलाचा संबंध नसतो.

आता मूळ कामाकडे वळते. प्रकरणाचा क्रमांक २०२४ चा २१७ असा होता आणि प्रस्ताव २०२५-२६ ते २०२९-३० या पाच आर्थिक वर्षांसाठी होता. जाहीर सूचनेत याचिका कुठे वाचायला मिळेल, हरकती कोणत्या तारखेपर्यंत व कशा द्यायच्या आणि सुनावण्या कुठे होतील, हे सर्व दिलेले असते. ती सूचना कापून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवावी, कारण पुढे प्रत्येक वेळी तीच पाहावी लागते. हरकती पाठवण्याची मुदत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत होती, म्हणजे हाती साधारण महिना होता. त्यातले अर्धे दिवस वाचण्यातच जातात, हे गृहीत धरून चालावे.

सविस्तर याचिका शेकडो पानांची, इंग्रजीत आणि तक्त्यांनी भरलेली असते. तिचा मराठी गोषवारा महावितरणच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो आणि सुरुवात तिथूनच करावी. गोषवाऱ्याची मराठी सरकारी वळणाची आहे. पण चार-पाच शब्द पक्के झाले की पुढचे सोपे जाते. 'वार्षिक महसुली गरज' म्हणजे कंपनीला वर्षभर वीज विकत घेणे, पारेषण, दुरुस्ती, पगार, कर्जावरचे व्याज आणि भागभांडवलावरचा परतावा या सगळ्यांसाठी लागणारी मान्य रक्कम. तिच्यातला सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा असतो. ही रक्कम विकल्या जाणाऱ्या एकूण युनिटांनी भागली की 'सरासरी पुरवठा खर्च' निघतो. मागील वर्षांत मंजूर केलेला आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांचा मेळ घालण्याला सगळेजण 'ट्रू-अप' म्हणतात, आणि जुन्या वर्षांची तूट नव्या दरात येते ती याच दारातून. कोणत्या ग्राहकवर्गाने सरासरीपेक्षा किती जास्त किंवा किती कमी द्यावे, हा 'क्रॉस सबसिडी'चा भाग. २०१६ च्या राष्ट्रीय दर धोरणानुसार हा फरक सरासरीच्या २० टक्के वर-खाली या मर्यादेत आणायचा आहे. उद्योगांच्या संघटना या एकाच मुद्द्यावर तासन्‌तास बोलू शकतात.

आम्ही सगळे वाचायच्या फंदात पडलो नाही. आमच्या बिलावर जे छापलेले असते तेवढेच याचिकेत शोधायचे, असे ठरवले. मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि वेळेनुसार दर, या ओळी घेतल्या. त्यातले वीज शुल्क हे राज्य सरकारचे असते आणि त्यावर आयोगाकडे हरकत घेऊन उपयोग नसतो. बाकीच्यांपैकी आमच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता तो वेळेनुसार दराचा.

तो थोडा विस्ताराने सांगते. २० किलोवॅटच्या वर भार असलेल्या लघुदाब उद्योगांच्या बिलात वापर चार झोनमध्ये विभागून येतो. तोपर्यंतच्या दररचनेत रात्री १० ते सकाळी ६ या ए झोनमध्ये युनिटमागे १.५० रुपये सूट होती, सकाळी ९ ते १२ या सी झोनमध्ये ८० पैसे जादा आणि संध्याकाळी ६ ते १० या डी झोनमध्ये १.१० रुपये जादा आकार होता. उरलेल्या तासांना म्हणजे बी झोनला मूळ दर लागत असे. कोल्हापुरातल्या फौंड्र्या आणि आमच्यासारखे भट्टीवाले वर्षानुवर्षे रात्रपाळी चालवत आले ते या दीड रुपयासाठी. आमचा रात्रीचा वापर महिन्याला सुमारे ८,००० युनिट, म्हणजे सूट झाली १२,००० रुपयांची. नव्या प्रस्तावात मात्र स्वस्त तास दिवसा ९ ते ५ या वेळेत सरकवले होते, संध्याकाळी ५ पासून मध्यरात्रीपर्यंतचा पट्टा महाग केला होता आणि रात्रीची ती सूट जाणार होती. कारण समजण्यासारखे होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणि इतर सौर प्रकल्पांमुळे दुपारी वीज मुबलक होणार, तेव्हा मागणीही दुपारकडे वळावी, असा त्यामागचा विचार. राज्याच्या पातळीवर तो मला चुकीचा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. मात्र आमच्या भट्टीच्या वेळापत्रकात तो बसत नव्हता.

भट्टीवरच्या मामांना मी प्रस्ताव वाचून दाखवला. ते म्हणाले, "वहिनी, भाकरी तव्यावर असताना चूल इझवता येत नाही की ओ. लोड एकदा आत गेला की गेला." त्यांच्या या वाक्यातूनच आमच्या हरकतीचा मुख्य मुद्दा उभा राहिला. कार्बुरायझिंगमध्ये, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवण्याच्या प्रक्रियेत, भाग सुमारे ९३० अंश सेल्सिअसला कित्येक तास धरून ठेवावे लागतात. तापवणे, धरणे, तापमान उतरवणे आणि तेलात विझवणे हे सगळे मिळून आमचे चक्र दहा ते बारा तासांचे होते आणि ते मध्येच थांबवले तर सगळा लोड, म्हणजे भट्टीत घातलेला माल, भंगारात जातो. रात्रीची सूट आठ तासांची होती आणि दिवसाचा प्रस्तावित स्वस्त पट्टाही आठच तासांचा. फरक पडत होता तो आठ तासांनंतर. रात्री १० ला सुरू केलेल्या चक्राचे उरलेले तास बहुतेक सकाळी ६ ते ९ या मूळ दराच्या वेळेत पडत. सकाळी ९ ला सुरू केलेल्या चक्राचे उरलेले तास संध्याकाळच्या सर्वांत महाग पट्ट्यात पडणार होते. म्हणजे दिवसाची सूट जितकी दिसते तितकी आमच्या पदरात पडत नव्हती. हे गणित आम्ही मागील बारा बिलांच्या झोननिहाय आकड्यांवर मांडले.

हरकत लिहिताना ती लहान ठेवायची, हे आम्हाला इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारक स्नेह्यांनी बजावले होते. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे इचलकरंजीचेच असल्यामुळे तिकडच्या यंत्रमागधारकांना आयोगाच्या सुनावण्यांची आपल्यापेक्षा जास्त सवय आहे. स्नेह्यांनी आमचा पहिला मसुदा वाचून त्यातली निम्मी वाक्ये खोडली. 'उद्योग देशोधडीला लागतील', 'अन्यायकारक' आणि 'तीव्र निषेध' अशी ती वाक्ये होती. त्यांचे म्हणणे असे की आयोग हे अर्धन्यायिक मंडळ आहे. त्याला तुमचा राग आदेशात उद्धृत करता येत नाही, तुमचा आकडा करता येतो. अंतिम हरकत तीन पानांची झाली. पहिल्या पानावर ग्राहक क्रमांक, वर्गवारी, मंजूर भार आणि आम्ही कोण ते, दुसऱ्यावर याचिकेतल्या संबंधित प्रकरणाचा व तक्त्याचा क्रमांक देऊन आमचे गणित, तिसऱ्यावर मागणी. मागणीही 'प्रस्ताव फेटाळा' अशी नव्हती. मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळेतली सूट एकदम न काढता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि सलग प्रक्रिया असलेल्या छोट्या उद्योगांना भट्ट्यांचे वेळापत्रक बदलायला अवधी द्यावा, एवढेच मागितले होते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. मीटर चुकीचा आहे, बिल सरासरीने आले, जोडणी रखडली, वीज वारंवार जाते, अशा तक्रारी दराच्या हरकतीत घालू नयेत. त्यांच्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल ही वेगळी वाट याच अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये दिली आहे. दराच्या प्रकरणात त्या लिहिल्या तर मुख्य मुद्दा झाकला जातो आणि तक्रारही सुटत नाही.

हरकत पाठवायला शुल्क नाही, मुद्रांक नाही, वकीलही लागत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर ई-पब्लिक कन्सल्टेशन असा दुवा आहे. तिथे प्रकरण निवडून नाव, पत्ता व संपर्क भरायचा, हरकतीची पीडीएफ जोडायची आणि सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचे आहे की नाही ते सांगायचे. हा शेवटचा पर्याय भरायला विसरू नये. मी पीडीएफ मराठीत युनिकोडमध्ये केली, कारण स्कॅन केलेली प्रत वाचायला आणि त्यातले उद्धृत करायला कठीण जाते. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता चार दिवस आधी पाठवली आणि पोचपावती छापून फाइलला लावली. छपाई, झेरॉक्स आणि जुनी बिले पुन्हा काढणे यांवर दोनशे रुपयांच्या आत खर्च आला.

त्यानंतर कंपनीचे लेखी उत्तर आले. हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला कंपनीने उत्तर द्यायचे आणि त्यावर ग्राहकाला सुनावणीत प्रतिवाद करता येतो, अशी ही पद्धत आहे. उत्तरात दुपारच्या सौर विजेची बाजू मांडली होती, आणि दिवसाच्या सवलतीचा उद्योगांना लाभच होईल असे म्हटले होते. आठ तासांनंतर काय, या आमच्या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. सुनावणीत नेमके तेवढेच बोलायचे, असे मी ठरवले.

सुनावण्या नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशा सहा ठिकाणी होतात. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूरच्या ग्राहकांसाठी पुणे. फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी अंधारातच मध्यवर्ती बसस्थानकावरून आम्ही दोघे निघालो. एसटीचे भाडे त्याच जानेवारीत १४.९५ टक्क्यांनी वाढले होते, हे तिकीट हाती आल्यावर प्रकर्षाने जाणवले. वीजदरावर भांडायला निघालेल्या माणसाला हे जरा बोचतेच. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे साताऱ्याच्या अलीकडे वेळ गेला. येणे-जाणे, रिक्षा आणि जेवण धरून दोघांचे अडीच हजार रुपयांपर्यंत गेले. एक दिवसाचे काम बुडाले ते वेगळे.

सभागृहाच्या दाराशी नावनोंदणी होती. ज्यांनी आधी लेखी दिले नव्हते अशीही काही मंडळी आली होती. व्यासपीठावर आयोग, एका बाजूला कंपनीचे अधिकारी आणि समोर आम्ही ग्राहक, अशी मांडणी. आधी कंपनीने आपला प्रस्ताव पडद्यावर दाखवला. मग ग्राहक प्रतिनिधी बोलले. काही संस्थांना आयोगाने अधिकृत ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिलेली असते. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट त्यांपैकी एक. त्यांची मांडणी ऐकणे हेच एक शिक्षण आहे. शेतीपंपांचा मीटरविना वापर किती धरायचा आणि त्यामुळे वितरण हानी किती दिसते, हा वाद किती जुना आहे आणि त्याचा शहरातल्या ग्राहकाच्या दराशी कसा संबंध आहे, हे मला तिथे बसून कळले. तेवढा एक तास ऐकला नसता तर क्रॉस सबसिडी हा शब्द माझ्यासाठी कागदावरच राहिला असता.

दुपारनंतर नावे पुकारायला लागले. रूफटॉप सौर बसवलेले गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी होते, शीतगृहवाले होते, यंत्रमागधारक होते. यंत्रमागांच्या सवलतीबद्दल बोलताना एका वक्त्याने कलम ६५ काढले. एखाद्या वर्गाला आयोगाच्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल तर राज्य सरकारने त्या सवलतीची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी, असे ते कलम सांगते. काही जण कागद न पाहता दहा मिनिटे बोलले आणि मुद्द्यावर येण्याआधीच त्यांना थांबायला सांगण्यात आले. माझे पाय थरथरत होते, हे कबूल करायला हरकत नाही. माझे नाव आल्यावर मी ग्राहक क्रमांक आणि हरकतीच्या पानाचा क्रमांक सांगितला, चक्राचे तास सांगितले, रात्रीच्या आणि दिवसाच्या आठ तासांनंतरचा फरक सांगितला, टप्प्याटप्प्याची मागणी सांगितली आणि गणिताचा एक पानी तक्ता पुढे दिला. सगळे मराठीत. व्यासपीठावरून एकच प्रश्न आला : चक्राची सुरुवात पहाटे केली तर चालेल का? यजमान मागून उठून म्हणाले, "चालेल साहेब, पण मग माणसं रात्री तीनला आणावी लागतील." सभागृहात थोडे हसू उमटले. प्रश्न मात्र रास्त होता आणि तो पुढे आमच्याच उपयोगी पडला.

परतीच्या गाडीत यजमानांनी विचारले, "एवढ्याने काय होणार?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. कोल्हापूरकरांना दराविरुद्ध लढण्याची सवय आहेच. शहरातले रस्ते बीओटीवर, म्हणजे 'बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा' या तत्त्वावर, करून ३० वर्षे टोल घ्यायचा करार झाला, नाके बसले, आणि 'टोल देणार नाही' म्हणत सगळे शहर रस्त्यावर आले. शेवटी सरकारला तो टोल रद्द करावा लागला. ती लढाई करार झाल्यानंतरची होती आणि तिला कित्येक वर्षे लागली. विजेच्या बाबतीत निर्णयाच्या आधी महिनाभर दार उघडे असते आणि तिथे गर्दी अगदीच तुरळक असते. सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या पाहून मला याचे जास्त वाईट वाटले.

मार्च महिना वाट पाहण्यात गेला. २८ मार्च २०२५ रोजी आदेश आला. तो शेकडो पानांचा असला तरी शोधण्याची युक्ती सोपी आहे. हरकतींच्या प्रकरणात विषयवार तीन गोष्टी एकाखाली एक असतात : ग्राहकांचे म्हणणे, कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत. शेवटी हरकतदारांच्या नावांचे परिशिष्ट असते. आमचे नाव तिथे होते, आणि वेळेनुसार दराच्या विषयात रात्रपाळीच्या उद्योगांचा मुद्दाही होता. तो आमच्याप्रमाणे इतर अनेकांनी मांडला होता. एकूण दर कमी करणारा हा आदेश १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता. रात्रीची १.५० ची सूट मात्र पूर्वीच्या रूपात राहिली नाही. स्वस्त तास दिवसाकडे सरकले.

आम्ही वेळापत्रक बदलायच्या तयारीला लागलो तोच २ एप्रिलला बातमी आली की महावितरणच्या अर्जावरून आयोगाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली आहे आणि पुढील निर्णयापर्यंत जुनेच दर राहतील. दराचा आदेश निघाला म्हणजे काम संपले, असे मानायचे नसते, हे त्या दिवशी कळले. आदेश देणाऱ्या आयोगाला कलम ९४ प्रमाणे फेरविचाराचा अधिकार असतो. शिवाय कलम १११ प्रमाणे ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. अपिलाचा विचार आम्ही केला नाही. तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. एप्रिल, मे आणि जून जुन्या दराने, रात्रपाळीने गेले. एका अर्थाने आम्हाला हवा होता तो अवधी अशा अनपेक्षित रीतीने मिळाला, एवढे समाधान मानले.

२५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि नवे दर १ जुलैपासून लागू झाले. वसाहतीतले बरेचजण मार्चच्या आदेशाचा दरतक्ता मोबाइलमध्ये घेऊन हिशेब करत होते आणि त्यामुळे त्यांचे आकडे जुळत नव्हते. त्या वेळी जूनच्या आदेशाचाच तक्ता घ्यायला हवा होता. तो महावितरणच्या परिपत्रकासोबतही मिळत होता. बिलाचा कालावधी महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होत नसेल, तर दर बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस प्रमाणात विभागून आकारणी होते. त्यामुळे जुलैचे बिल एका दराने तपासता येत नाही. आधी दिवसांची विभागणी करून मग झोननिहाय गुणाकार करावा. ऑगस्टमध्ये पूर्ण महिन्याचे बिल हाती आल्यावरच नव्या दराचा खरा परिणाम दिसला.

आमच्यापुरता तो असा. सुनावणीतल्या त्या प्रश्नाचा आधार घेऊन आम्ही मोठ्या भट्टीचा लोड पहाटे पाचला चढवायला सुरुवात केली. तापवण्याचे पहिले चार तास सकाळी ९ च्या आधी होतात, धरण्याचे तास ९ ते ५ मध्ये बसतात आणि चक्र संध्याकाळच्या महाग पट्ट्याच्या आत संपते. त्यासाठी दोन कामगारांच्या पाळीची वेळ बदलली. त्यांच्या येण्यासाठी गाडीचा खर्च आम्ही देतो आणि पहाटेच्या पाळीचा भत्ता वेगळा. हा खर्च वजा केला तर बिल पूर्वीच्या रात्रपाळीच्या जवळपास येते, थोडे वर. छोट्या भट्टीचे काम अजून संध्याकाळी ७ पर्यंत लांबते आणि तिच्यावर जादा आकार पडतो. तिथे छोटी चक्रे दिवसातून दोनदा करता येतील का, याची चाचणी सध्या सुरू आहे. रात्रपाळी बंद झाल्याने मामा खूश आहेत. पहाटेच्या पाळीचे मात्र त्यांनी अजून नाव काढलेले नाही.